चिंच वेचणारी

वैशाखाचा दुसरा पंधरवडा लागला की मी चारच्या चहाला अंगणात बसत नाही. सूनबाई म्हणते, "आई, बाहेर काय छान वारं सुटलंय, या ना." छान म्हणे! तिचं माहेर पुण्याकडचं, तिला काय ठाऊक बऱ्हाणपूरचं वारं. तापीच्या पल्याडून ते येतं. आधी धूळ उठते, मग रस्त्यावरचे कागद, मग कुणाच्या तरी गच्चीवरचं धोतर उडत जातं, आणि दारं धाडधाड आपटायला लागतात. अर्धा तास चालतं सगळं. तेवढ्यात तिकडे खकनारच्या बाजूला उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि केळीवाले डोक्याला हात लावून बांधावर बसतात. मी आपली आतल्या खोलीत जाते आणि छताकडे बघत बसते. छत आता स्लॅबचं आहे, तीस वर्षं झाली. त्याला काही होत नाही हे मला कळतं. तरी बघते.

यंदा फाटकाजवळच्या कडूनिंबाच्या फांद्या विजेच्या तारेवर टेकल्यात. त्या छाटायच्या म्हणून मुलानं एक माणूस बोलावला. हातात मशीनची करवत, खिशात छापील कार्ड, पायांत बूट. त्यानं मान वर करून एकदा झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो जाएगा, माताजी." मी विचारलं, "बाबा रे, झाडाखाली काय पडतंय ते बघितलंस का?" तो हसला. "काम तो ऊपर है, नीचे क्या देखना?" मी म्हटलं, मग जा तू. मुलगा असा चिडला माझ्यावर! "आई, फांद्या छाटायच्यात गं, पोरगी द्यायची नाहीये त्याला!" मी म्हटलं, पोरगी देताना तरी आपण एवढं कुठं बघतो? पोरगी देताना बघतात नोकरी आणि नाक. यावर तो संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून होता.

त्याची चूक नाही. त्याला ते वर्ष माहीत नाही. त्याच्या थोरल्या बहिणीला माहीत असायला हवं, कारण त्या वर्षी ती माझ्या कुशीत होती, चार दिवसांची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासर खंडव्याला, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात आलेले. घर आमचं लहानसंच. पुढे बाबांची बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक खोली आणि मागे परस. परसात चिंच. ती किती जुनी कोण जाणे, तिच्या बुंध्याला आम्हा तिघी मैत्रिणींची कव पुरायची नाही. तिची एक मोठी फांदी वाकून आमच्या मागच्या खोलीच्या कौलांवर आली होती. लहानपणी मला त्याचं फार कौतुक होतं, उन्हाळ्यात खोली गार राहायची. आणि बाळंतिणीची खोली म्हणून घरात तीच ठरलेली. माझा जन्म तिथलाच.

त्या खोलीत एक काचेचं कौल होतं, उजेडासाठी बसवलेलं. खाटेवर उताणी पडलं की बरोबर डोळ्यांसमोर यायचं. आणि त्या काचेतून दिसायचं काय, तर फक्त ती फांदी. नववा महिना लागलेला, कुशीवर झोपवत नाही, उताणं झोपवत नाही, वरून उकाडा. मी त्या काचेत बघत पडायची. चैत्रात एका दुपारी वारं सुटलं आणि वरून आवाज आला. कर्र. म्हटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कर्रर. पोटात बाळ लाथ मारत होतं, आणि माझे कान वर लागलेले.

मी आईला सांगितलं. आईनं येऊन ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

आणि बाबा घरात नव्हते. बाबा तहसील कचेरीत कारकून. त्या वर्षी राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या. आपण कुठं जाणार, मुंबईकडे की नव्या मध्यप्रदेशात, यावर चौकाचौकांत वाद चालायचे. कुणी म्हणे आपली भाषा मराठी, आपण तिकडे. कुणी म्हणे नाही, तापी आडवी आहे, आपण इकडेच. बाबांना नागपूरला दफ्तराच्या याद्या करायला पाठवलं होतं, कारण कुठल्या फायली कुणाच्या वाट्याला जाणार ते आधी लिहून काढायचं होतं. दर आठवड्याला त्यांचं कार्ड यायचं आणि त्यात एक ओळ ठरलेली, अजून काही नक्की नाही. त्या वर्षी काहीच नक्की नव्हतं. बाबांची बदली नाही, माझी तारीख नाही, फांदीचं नाही.

फांदी उतरवायला माणूस शोधायचं काम मग आईवर आलं. माझी आई! जी बाई भाजीवाल्याशीसुद्धा दाराआडून बोलायची. बाबांनी कार्डात लिहिलं होतं, "भरवशाचा माणूस बघून काम करून घेणे." एवढंच. भरवशाचा माणूस कसा ओळखायचा, ते कार्डावर कुठं मावणार?

पहिले आले ते लाकडाच्या वखारीचे शेट. परसात उभे राहिले, बुंध्याला हात लावला, आणि त्यांचे डोळे असे लकाकले की मला खिडकीतून दिसले. म्हणाले, "भाभीजी, एक फांदी काय उतरवता? सगळं झाडच घेऊन जातो. तुम्हाला एक पैसा लागणार नाही, साफसफाई आमची." आई आत येऊन म्हणाली, "हा बरा वाटतो गं, फुकट करतोय." मी म्हटलं, "आई, त्याला फांदीची काळजी नाही, त्याला बुंधा पाहिजे." आई म्हणाली, "तुझी आपली जीभच वाकडी." पण तिनं त्यांना हो म्हटलं नाही.

दुसरा आला तो सरकारी बागेतला माळी. खाकी सदरा, खिशात कुठल्याशा गोऱ्या साहेबाची चिठ्ठी, घडी घालून घालून चिंधी झालेली. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, यावलहून खास माझ्या बाळंतपणासाठी आली होती. तिनं ती चिठ्ठी उलटी धरून वाचली आणि तिची खात्री पटली. माळ्यानं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बुंध्यावर तीनदा ठोकलं, कान लावला, आणि म्हणाला, "मजबूत है, माताजी. सौ साल कुछ नहीं होगा." मी आतून ओरडले, "बुंध्याचं नाही विचारलं, फांदीचं सांगा!" आत्या मला दटावून म्हणाली, "अगं, बुंधा मजबूत तर फांदी मजबूत. बाप धडधाकट तर पोर धडधाकट." आत्याचं सगळं असंच. आणि कबूल करते, त्या संध्याकाळी मलाही बरं वाटलं. शंभर वर्षं काही होणार नाही असं कुणी खणखणीत सांगितलं की जेवण घशाखाली उतरतं. मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

तिसरा एक सुतार होता, रावेरचा. आत्या म्हणे, आपल्याकडचा, आपली भाषा बोलणारा. त्या वर्षी आपला आणि परका याचा भारी बोलबाला होता. तो आला, चहा प्याला, आमची गावं-नाती काढली, निघाली पण लांबची काही, आणि जाताना म्हणाला, "मावशी, झाडात काही नाही, तुमच्या मनात आहे. पहिलटकरणीला असं होतंच." तो गेल्यावर मला एवढा राग आला की मी त्याची कपबशी मोरीत आदळून फोडली. आत्या म्हणाली, "बघ, मनातच आहे हिच्या."

आता या वयात मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आम्ही तिघांना काय विचारत होतो? आम्ही त्यांना झाडाचं विचारतच नव्हतो. आमची भीती घालवा, एवढंच आमचं मागणं होतं. आणि जो भीती घालवेल तो आम्हाला भरवशाचा वाटत होता. डॉक्टर असो, वकील असो, वा झाडावर चढणारा असो, आपण अजूनही हेच करतो. खरं सांगणाऱ्याला परत पाठवतो आणि गोड बोलणाऱ्याला पाट मांडतो. मी काही वेगळी नव्हते. दोन भाकरी खाल्ल्याच की.

मुलगी झाली ती भर वैशाखात, भर दुपारी, भर वाऱ्यात. सुईण म्हणत होती, "जोर कर, माय, जोर कर," आणि मी काचेत बघत होते. खरं सांगते, माझ्या कळांपेक्षा मला वरचा आवाज जास्त ऐकू येत होता. पोरगी रडली, सगळ्यांच्या जिवात जीव आला, आत्यानं साखर वाटली. मी मात्र पोरीला छातीखाली ओढून तिच्यावर ओणवी झाले. सुईण म्हणाली, "अगं, असं काय करते?" काय सांगणार तिला?

चौथ्या दिवशी सकाळी रेवाबाई आली.

रेवाबाई आणि तिचा नवरा तुळशीराम खकनारजवळच्या एका खेड्यातले. आमच्या चिंचेचं उत्पन्न दर वर्षी ती दोघं काढायची. फाल्गुन-चैत्रात यायची, तुळशीराम वर चढून बांबूनं चिंचा झोडायचा, रेवाबाई खाली जुनी लुगडी अंथरून वेचायची. मग घरी नेऊन ती चिंच पाखडायची, टरफलं-चिंचोके काढायची, आणि आमच्या घरापुरते गोळे करून वैशाखात आणून द्यायची. मी तिला लहानपणापासून पाहत आले होते. काळीसावळी, उंच, बोलायला कमी. वर्षातून दोनदा येणारं माणूस, त्याच्याकडे कोण नीट बघतं?

ती परसात बसली, आईनं तिला पाणी दिलं. आईच्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे दिसेल त्याला ती फांदीचं सांगायची. तिलाही सांगितलं. मी खिडकीशी पोरीला घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

रेवाबाई म्हणाली, "कोनती फांदी? हे खोलीवरची?"

"हो, तीच."

"तिच्यात दम नाही, माय." ती इतक्या साधेपणानं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आज बुधवार.

आई म्हणाली, "अगं पण तो माळी म्हणाला मजबूत आहे. तुला काय माहीत?"

"मी खाली असते ना. तीन साल झाले, या बाजूची चिंच पाखडली का सुपात भुसा येते. लाकडाचा भुसा, बारीक, लाल. पह्यल्या साली चिमटीभर होता. दुसऱ्या साली मूठभर. औंदा तर पाखडता पाखडता माह्ये डोळे भरले, इतका. ते फांदी आतून खाल्ली गेली, बाई. वरून काय दिसनार? वरून साल हाय, पाला हाय." मग थांबून म्हणाली, "आमच्या मानसाले मी औंदा त्या फांदीवर चढूच नाही दिलं. त्यानं इकडूनच बांबूनं झोडली."

आई एकदम म्हणाली, "मग सांगितलं का नाहीस गं?"

रेवाबाईनं तिच्याकडे बघितलं. "मले कोनी विचारलं का? अन् तुमी माह्यं ऐकलं असतं?"

तीन पुरुष मान वर करून झाड बघून गेले होते. खाली बघणारी एकटी हीच, आणि तिला विचारायचं आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग आता काय करायचं?" आईनं विचारलं.

"फांदीचं आमचा मानूस येऊन पाहील. पन पोरीले आजच उठवा तठून."

झालं! आत्या स्वयंपाकघरातून तीरासारखी बाहेर आली. चौथ्या दिवशी बाळंतीण हलवायची? दहा दिवस व्हायचेत, घरात सोयर आहे, पुढच्या खोलीत नेली तर सगळं घर विटाळेल. आणि पुढची खोली रस्त्यावर उघडणारी, फटीफटींतून वारा. बाळंतवारा लागला तर जन्माचं दुखणं घेऊन बसेल पोरगी, आणि त्या चार दिवसांच्या जिवाचं काय? "आणि सांगतंय कोण?" आत्या म्हणाली, "चिंच वेचणारी!"

यातलं एकही खोटं नव्हतं हो. बाळंतवाऱ्यानं वाकलेल्या बायका आम्ही पाहिल्या होत्या, निदान तसं आम्हाला सांगितलेलं होतं. माझी सख्खी चुलती दहाव्या दिवशी ओल्या फरशीवर उतरली आणि पुढे आयुष्यभर कंबर धरून चालली. एकीकडे वरचा वारा, दुसरीकडे दाराच्या फटीतला. आणि मध्ये माझी पोरगी, मुठी आवळून झोपलेली.

आई कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग तिनं रेवाबाईला जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. ती म्हणाली, "तू या खोलीत माझ्याबरोबर तासभर बसशील? आत्ता?"

रेवाबाईनं कौलांकडे बघितलं, फांदीकडे बघितलं, आणि मान हलवली. "नाही बसनार, बाई. घरी माह्ये लेकरं हायत."

आई आत आली आणि तिनं माझ्या अंथरुणाची वळकटी करायला सुरुवात केली. आत्याला म्हणाली, "वन्सं, शेगडी उचला." आत्या म्हणाली, "वेड लागलंय का तुला?" आई म्हणाली, "लागू दे." माझ्या आईच्या तोंडून असा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही फारसा नाही.

भर उन्हात आम्ही पुढच्या खोलीत आलो. बाबांच्या बैठकीच्या खोलीत, जिथं जुनी गॅझेटं आणि लाल फितीत बांधलेले कागद रचलेले. दाराच्या फटींत आईनं जुनी लुगडी कोंबली, खिडकीच्या फटींत गॅझेटं. त्यातल्या एकावर नव्या राज्यांबद्दल काहीतरी छापलेलं होतं, ते मी पडल्यापडल्या तीन आठवडे उलटं वाचत होते.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम आला. सकाळभर चिंचेखाली बसून राहिला. आत्याला वाटलं, हा काय काम करणार, हा तर बसायला आलाय. उठला आणि आईला म्हणाला, "उतरवतो. पन वारं हाय तोवर चढनार नाही. फांदीवर माह्यं वजन अन् वाऱ्याचं वजन, दोन्ही ते नाही झेलनार. खाली तुमची कौलं हायत, खाली माह्यी बाई उभी राहते. वारं बसू द्या, मंग येतो." आई म्हणाली, "कधी बसेल?" तो म्हणाला, "ते मी कसं सांगू, माय?" आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "बघा, हा तुमचा भरवशाचा माणूस. याला वारं कधी बसेल तेही माहीत नाही."

मग सुरू झालं वाट बघणं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाट बघितली आहे. निकालाची, पत्राची, दवाखान्यात दाराबाहेर. पण तसली वाट नाही. रोज चार वाजता वारं सुटायचं. मागून आवाज यायचा, कर्र, कर्रर, आणि आम्ही सगळ्या श्वास धरून बसायचो. आता. आता. मग वारं निघून जायचं. आत्या उठून मागची खोली बघून यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "आहे हं जागेवर." दिवसेंदिवस तिचा आवाज गोड होत गेला.

दहाव्या दिवशी पोरीला सर्दी झाली. नाक चोंदलं, दूध ओढता येईना, संध्याकाळी अंग तापलं. आत्यानं नुसतं आईकडे बघितलं, आणि आईनं मान खाली घातली. मी ओव्याची पुरचुंडी पोरीच्या नाकाशी धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, आपण काय केलं? एका चिंच वेचणाऱ्या बाईच्या सुपातल्या चिमूटभर भुशावर विश्वास ठेवून पोरीला वाऱ्यात आणली! बाबांचं कार्ड आलं, कुणी कळवलं देव जाणे, "कुणाच्या सांगण्यावरून बाळंतीण हलविली?" आईनं उत्तर लिहिलं नाही. शेजारणी बाळ बघायला यायच्या आणि मागे जाऊन फांदीच बघून यायच्या. तो खाकीवाला माळी गल्लीतून जाताना मुद्दाम विचारायचा, "क्यों माताजी, गिरी क्या?" आई दार लावून घ्यायची.

पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण माझ्या मनात एक गोष्ट शिरली ती निघेना. आजपर्यंत मी ती कुणाला लिहून सांगितलेली नाही. वारं सुटलं की मी कान टवकारायची, पण आता भीतीनं नव्हे. पड, मी मनात म्हणायची. पड ना बाई एकदाची. खोली रिकामी आहे, कुणी मरणार नाही, पड. निदान माझ्या आईचं खरं ठरू दे. आणि वारं ओसरून फांदी तशीच राहिली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पोर कुशीत, आणि मी आपल्याच घरावर फांदी पडावी म्हणून देवाला हात जोडतेय! स्वतःचीच किळस यायची, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच.

ज्येष्ठ उजाडला आणि एक दिवस वारंच आलं नाही. पान हलत नव्हतं. अंगातून घामाच्या धारा, आभाळ पांढरं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम, रेवाबाई आणि त्यांची भावकीतली दोन माणसं दोरखंड घेऊन दारात.

तुळशीराम त्या फांदीवर चढलाच नाही. वरच्या, चांगल्या फांदीवर चढला, तिथून दोर सोडून खालच्या फांदीला दोन ठिकाणी बांधलं. दोराची टोकं बुंध्याला वळसे देऊन खाली आणली. एक टोक त्या दोघांच्या हाती, एक रेवाबाईच्या. मी पोरीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. वर करवत चालायची ती रेवाबाईच्या आवाजावर. "थांब." करवत थांबायची. "दे ढील." दोर बोटभर सरकायचा. "आता चाल." तिची नजर फांदीच्या बुडाशी, पाय रोवलेले, दोर तिच्या तळहातांतून करकरत जात होता. मला राहवेना, मी म्हटलं, "रेवाबाई, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा ना!" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बाजूले उभी रायली तर त्यो जल्दी करनार." त्या एका वाक्यात मला कळलं की आमची कौलं कुणाच्या भरवशावर आहेत.

दुपारपर्यंत ती एवढी थोरली फांदी परसात उतरली. कौलं दोन फुटली. काचेचं कौल शाबूत.

मग त्यांनी तिचे तुकडे पाडले. पहिला तुकडा वेगळा झाला. आत काही नव्हतंच. वर बोटभर लाकूड आणि साल, आणि आत काळोख. लाल भुसा भसाभसा गळत होता, मुंग्यांची अंडी, काळं पाणी. रेवाबाई मला म्हणाली, "हात घाल, बाई." मी पोरीला आईकडे दिलं आणि हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला तरी तळ लागेना. आईनं त्या पोकळीकडे बघितलं, मग हातांतल्या पोरीकडे बघितलं. पोरगी त्यात सहज मावली असती. आई तिला घेऊन तिथंच भुशात बसली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. ती आत गेली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला.

रेवाबाई आईशेजारी बसली. तिचे दोन्ही तळहात दोरानं सोलून निघाले होते, ती ते वर करून फुंकर घालत होती. थोड्या वेळानं खाली मान घालून म्हणाली, "बाई, एक सांगू? मलेही पक्कं माहीत नव्हतं. भुसा पाह्यला होता, आत किती खाल्लं ते कुठं पाह्यलं होतं? तुमची पोरगी माह्या शब्दावर उठली. लेकराले ताप आला म्हने, मले बाजारात कळलं, तवापासून भाकर गोड लागली नाही. अन् मंग..." ती अडखळली. "मंग मनात यायचं, पडून जाऊ दे. घर फुटलं तर फुटू दे लोकांचं, पन मी खोटी नको पडू. असं पाप आलं मनात."

मी म्हटलं, "माझ्याही आलं."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रोज यायचं. चार वाजता."

आईच्या मांडीवर पोरगी झोपली होती. आई तिच्या कपाळावरचा भुसा बोटानं टिपत होती. ती तशीच, वर न बघता म्हणाली, "मी तर मारुतीला नारळ बोलले होते. पडू दे म्हणून."

आधी रेवाबाई हसली. मग मी. मग आई हसता हसता रडायला लागली, आणि ती अशी रडली, जशी मी तिला माझ्या लग्नातही रडताना पाहिली नव्हती. वर झाडावर तुळशीराम दोर सोडवत होता, तो घाबरून विचारायला लागला, "काय झालं, काय झालं?"

आईनं पोरगी माझ्याकडे दिली आणि उठली. तोंड धुऊन आत गेली आणि बाहेर आली ती हातात नारळ, तांदूळ आणि कुंकवाची कोयरी घेऊन. म्हणाली, "फांदी काही पडली नाही, तेव्हा हा काही मारुतीचा नाही. ऊठ, रेवाबाई, पदर पसर."

रेवाबाई चटकन उभी राहिली. "माह्यी ओटी? नको, बाई, असं कायले..." तिनं पदराची टोकं धरायचा प्रयत्न केला, पण सोललेल्या हातांना ती धरवेनात, पदर पुन्हापुन्हा निसटायला लागला. माझ्या हातांत पोर, आईच्या हातात नारळ. चुलीवरचा चहा उतू जायला सोडून आत्या बाहेर आली. तिनं रेवाबाईच्या पदराची दोन्ही टोकं आपल्या हातांत घट्ट धरली, आणि कुणाकडेही न बघता आईवर खेकसली, "सावकाश घाल गं, नारळ जड आहे."